कासारे बाईंची खुर्ची

विचार न करता केलेल्या गोष्टी माझ्या हातून बऱ्या होतात, असा माझा अनुभव आहे. लग्न मी विचार न करता केलं, ते टिकलं. परळच्या चाळीतली ही खोली विचार न करता घेतली, तिथे निदान नळाला पाणी येतं. सरकारी नोकरीत तर विचाराचा संबंधच येत नाही. म्हणून आमची मीनाक्षी चौथी पास होणार, शाळा सोडणार आणि तिच्या कासारे बाईंना काहीतरी भेट द्यायला हवी, असं घरात निघालं, तेव्हा ‘भेट कशी विचारपूर्वक दिली पाहिजे’ हे वाक्य मी उच्चारायला नको होतं.

बकुळेने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, ट्रंकेतला एक खण आणि एक नारळ एवढ्यावर विषय संपवला होता. मी म्हटलं, “खणनारळ बाईमाणसाला देतात. ही भेट गुरूला आहे.”

“मग गुरू बाईमाणूस नाही का?” बकुळा म्हणाली आणि भाजी चिरू लागली.

मुद्दा हातून सुटताना दिसला, म्हणून मी आवाज चढवला. आमच्या चाळीत आवाज चढवला की सल्लागार मंडळ आपोआप भरतं. दोन दारं सोडून राहणारे अप्पा सगळ्यांत आधी आले. ते रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेत आणि जगातल्या प्रत्येक वस्तूकडे ती वाटेत फुटेल का, याच नजरेने बघतात. ते म्हणाले, “शाईचं पेन द्या. हाताळायला सोपं, मोडतोड नाही.” मग चिंतामणी आला. हा संयुक्त महाराष्ट्र समितीचं काम करणारा तरुण. गेली चार वर्षं त्याने सभा, मोर्चे आणि लाठ्या यांखेरीज काही खाल्लं नव्हतं, आणि आता महाराष्ट्र राज्य होणार हे नक्की झाल्यापासून तो जमिनीवरून चालत नव्हता. “काका, नकाशा द्या. महाराष्ट्राचा, फ्रेम करून. बेळगाव-कारवारसकट.”

“अरे, बेळगाव मिळालंय कुठे?”

“म्हणूनच. पोरं रोज बघतील, मग मिळेल.”

शेजारच्या राधाबाईंनी चुलीपुढून उठायची तसदी न घेता आतूनच सांगितलं, “बाईंका सुके बांगडे द्या. आमच्या मालवणचे. खातली आनि तुमची आठवण काढतली.”

या गलक्यात मीनाक्षी कोपऱ्यात बसली होती. ती हळूच म्हणाली, “बाबा, बाईंना बसायला खुर्ची नाहीय.”

मग तिने सांगितलं ते असं. वर्गात एक खुर्ची आहे, पण तिची वेताची बैठक फाटून खाली लोंबते. तिच्यावर मुलींच्या वह्या ठेवतात. कासारे बाई पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत फळ्यापुढे उभ्या असतात. संध्याकाळी त्यांचे पाय सुजतात. चपलेचा पट्टा त्या सैल करतात, ते मीनाक्षीने पाहिलंय.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते राधाबाईंच्या तव्यावरच्या मिरच्यांमुळे होतं हे मागाहून लक्षात आलं, पण तोवर निर्णय झाला होता. “बाईंना खुर्ची!” मी जाहीर केलं. “हाताची, सागवानी, वेताच्या बैठकीची खुर्ची!”

दुसऱ्या दिवशी मीनाक्षीने भर वर्गात उभं राहून सांगितलं, “माझे बाबा निकालाच्या दिवशी बाईंना खुर्ची देणार आहेत.” मुलींनी टाळ्या वाजवल्या. बाई नुसतं “बस खाली” म्हणाल्या. हे तिने मला घरी येऊन सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तोवर तिने माझ्याबद्दल वर्गात कधी काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही नव्हतंच म्हणा. आता तिच्याकडून शब्द गेला होता आणि तो पाळायचं काम माझ्याकडे आलं होतं.

मी सरळ शाळेत जाऊन हेडमास्तरांना भेटलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “शिक्षकाला व्यक्तिशः वस्तू देता येणार नाही. शाळेला देणगी म्हणून देता येईल. अर्ज तीन प्रतींत. तो वॉर्ड ऑफिसात जाईल. तिकडून पाहणी होईल. मग जडवस्तूंच्या रजिस्टरात नोंद. मग जिथे गरज असेल तिथे ती खुर्ची ठेवण्यात येईल.” एवढं बोलून त्यांनी बूड हलवलं, तशी त्यांची स्वतःची खुर्ची अशी काही करकरली की गरज कुठे आहे ते मला समजलं. मला रागावताही येईना. मी स्वतः जावक विभागात कारकून आहे. ‘तीन प्रतींत’ हे मी दिवसातून इतक्या लोकांना सांगतो की समोरच्याने तेच मला ऐकवल्यावर आपलंच माणूस भेटल्यासारखं वाटलं.

तेव्हा ठरलं, की खुर्ची बाईंच्या घरीच द्यायची. डिलाईल रोडला त्यांची खोली होती. निकालाच्या दिवशी शाळा सुटताना फाटकाबाहेर, मुलींच्या देखत खुर्ची त्यांच्या ताब्यात द्यायची आणि हातगाडीवरून घरी पोचती करायची. फाटकाच्या बाहेर वॉर्डाचं काही चालत नाही.

ग्रँट रोडला जुन्या लाकडी सामानाच्या दुकानात मला हवी तशी खुर्ची मिळाली. दुकानदार म्हणाला, हिच्यावर एक न्यायाधीश बसत असत. मी बसून पाहिलं आणि मला लगेच दोन-तीन माणसांना शिक्षा ठोठावावीशी वाटली, तेव्हा खरं असावं. किंमत सांगत नाही. ती बकुळेलाही सांगितलेली नाही.

चूक झाली ती पुढे. निकालाला पंधरवडा असताना मी ती खुर्ची चाळीत आणली. चाळीत राहिलेल्या माणसाने हे करावं याला क्षमा नाही. आमच्याकडे पाटावर ज्याचं नाव त्याचा पाट, तांब्यावर ज्याचं नाव त्याचा तांब्या. पण हात असलेली खुर्ची एका घरची नसते, ती चाळीची असते. कोणाकडे पाहुणे आले, डॉक्टर आला, कोणाचे व्याही आले, की पोरगं येऊन दारात उभं राहतं, “खुर्ची द्या.” ‘द्याल का’ असं कोणी विचारत नाही. आजवर तळमजल्यावरची घडीची लोखंडी खुर्ची हे काम करायची, आणि ती मधूनच मिटून माणसाला चिमटा काढायची. माझी खुर्ची जिना चढली, तेव्हा साऱ्या चाळीने गॅलरीत उभं राहून तिचं स्वागत केलं. ते स्वागत माझं आहे असं मला वाटलं.

पहिल्याच रविवारी अप्पांच्या धाकटीला पाहायला मंडळी आली. खुर्ची गेली. मुलाचे वडील तिच्यावर बसले आणि त्यांनी मुलीला नाव, शिक्षण, स्वयंपाक यातलं काही विचारलं नाही. ते खुर्चीच्या हातांवरून हात फिरवत राहिले. तिसऱ्या दिवशी निरोप आला. मुलगी पसंत आहे. मुलाला तशीच एक खुर्ची द्यावी. तीच दिलीत तर उत्तम.

अप्पा माझ्याकडे आले. “गंगाधरपंत, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे.”

“अप्पा, प्रश्न माझ्याही पोरीचा आहे.”

 मग अप्पांनीच तोड काढली. खुर्ची एका बड्या सरकारी अधिकाऱ्याच्या खासगी वापरातली असल्याने देता येत नाही, असं त्यांनी कळवलं. माझ्या आयुष्यातली ही एकमेव बढती. पुढे ते लग्न मनगटी घड्याळावर जमलं, आणि आता व्याही चाळीत आले की मला उठून नमस्कार करतात.

मग राधाबाईंच्या यजमानांची गिरणीत कंबर धरली, म्हणून खुर्ची चार दिवस तिकडे होती. त्यानंतर कोणाचा तरी जावई तिच्यावर बसून दाढी करून गेला. दर वेळी मी जाऊन ती परत आणायचो, ओल्या फडक्याने पुसायचो आणि वर चादर घालायचो. मीनाक्षी चादर उचलून एकदा बघायची आणि पुन्हा झाकायची.

निकाल शनिवारी होता, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी, एक मेला, महाराष्ट्र राज्य होणार होतं. सगळा परळ-लालबाग तोरणांनी आणि कमानींनी भरून गेला होता. गुरुवारी चिंतामणी आला. “काका, खुर्ची एक तास द्या. चित्ररथ करतोय. महाराष्ट्रमातेचं सिंहासन किती उंच करायचं त्याचं माप घ्यायचंय.”

आता माझी एक अडचण सांगतो. मी सरकारी नोकर. चळवळीच्या साऱ्या वर्षांत मी घोषणा दिल्या त्या मनातल्या मनात, किंवा फार तर न्हाणीघरात, नळ सोडून. चिंतामणी पोलिसांच्या लाठ्या खाऊन आला तेव्हा मी त्याला हळद लावायला गेलो, तोही मागच्या जिन्याने. त्यामुळे या पोराने काही मागितलं की मला नाही म्हणवत नाही. मी म्हटलं, “एकच तास हं.”

शुक्रवारी संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन तळमजल्यावर गेलो. खुर्ची हातगाडीवर होती. तिचे चारी पाय गाडीच्या फळ्यांना खिळ्यांनी ठोकले होते. वरपासून खालपर्यंत तिला सोनेरी बेगड चिकटवली होती, हातांच्या टोकांना कागदाच्या लगद्याचे दोन सिंह बसवले होते, आणि पाठीवर कमान करून ‘महाराष्ट्रमाता’ अशी अक्षरं लावली होती.

“मापच घ्यायला गेलो काका,” चिंतामणी म्हणाला, “पण माप इतकं बरोबर निघालं की दुसरी कशाला करायची म्हटलं.”

मी खिळे काढायला सांगितले. मंडळी माझ्याकडे अशी पाहू लागली की जणू राज्य होऊ नये म्हणून दिल्लीहून मलाच पाठवलंय. अप्पा म्हणाले, “गंगाधरपंत, महाराष्ट्र एकदाच होतो. निकाल दरवर्षी लागतात.” मी वर निघून आलो. आपल्या मुलीची बाजू मला चार माणसांत मांडता आली नाही, याची मला लाज वाटली, आणि ती जेवतानाही गेली नाही.

शनिवारी मीनाक्षी खुर्चीशिवाय शाळेत गेली. परत आली तेव्हा तिचा दुसरा नंबर आला होता. तिने प्रगतिपुस्तक ठेवलं आणि पेढा घेतला नाही.

“मुली काही म्हणाल्या?” मी विचारलं.

“सगळ्या फाटकाबाहेर थांबल्या होत्या. खुर्ची बघायला.”

“आणि बाई?”

“बाई म्हणाल्या, राहू दे गं, बाबांना काम असेल.” मग ती म्हणाली, “जूनपासून बाई वरळीच्या शाळेत जाणार आहेत.”

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच भिंतीकडे तोंड करून निजली.

रविवारी सकाळी चित्ररथ निघाला. महाराष्ट्रमाता म्हणून राधाबाई बसल्या होत्या, कारण चाळीत धड नऊवारी पैठणी त्यांच्याकडेच होती. एका हातात पुठ्ठ्याची तलवार, कपाळाला मळवट, मागे ढोलताशे. खरं सांगायचं तर देखावा भव्य होता आणि माझा ऊर भरून आला. नाक्यावर लोक फुलं टाकू लागले, तेवढ्यात महाराष्ट्रमातेला काहीतरी आठवलं आणि ती सिंहासनावरून ओरडली, “गो बकुळा, माजा दार उघडा ऱ्हवला! मांजर भितुर जायत, बघ!” लोकांना वाटलं ही घोषणाच आहे. त्यांनी जयजयकार केला.

दुपारनंतर चित्ररथ परत आला. खिळे काढताना एका पायाची कपची उडाली. बेगड निघेना; ओढली की खालचं पॉलिशही सोलून येई. सिंह सरसाने असे बसले होते की एकाला उपटायला गेलो तर त्याचा जबडा हातात आला आणि सिंह तिथेच राहिला.

“घासून, रंगवून मग नेऊ,” मी म्हटलं. “आठवडाभरात नेऊ.”

“आत्ताच नेऊ या,” मीनाक्षी म्हणाली. “अशीच.”

चित्ररथाची हातगाडी तिचा मालक घेऊन गेला होता, आणि त्या दिवशी दुसरा हातगाडीवाला मिळणं शक्य नव्हतं, सगळे नाचत होते. टॅक्सीवाल्याने सिंह पाहून नकार दिला. चिंतामणी मदतीला आला असता, पण घोषणा देऊन देऊन त्याचा आवाज गेला होता आणि तो गॅलरीत पडल्या पडल्या हातानेच माफी मागत होता. शेवटी मी डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि खुर्ची सुलटी डोक्यावर घेतली. चार पाय माझ्या चारी बाजूंना खाली आले. पुढचं मला एवढंच दिसत होतं: मीनाक्षीच्या चपला आणि रस्ता.

करी रोडच्या पुलापाशी येईपर्यंत आमची मिरवणूक झाली होती. रिकामं सोनेरी सिंहासन आपोआप चाललेलं पाहून लोक वाट देत होते. लेझीमवाल्या पोरांनी आम्हाला मधे घेतलं. कोणीतरी सिंहासनाला हार घातला, तो सरळ माझ्या नाकावर आला. मी शिंकलो, सिंहासन हललं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात ओळखीचा आवाज कानावर पडला. आमचे सुपरिंटेंडेंट साहेब सहकुटुंब रोषणाई बघायला बाहेर पडले होते.

“अहो, हे तुम्ही?” साहेब वाकून खुर्चीखाली बघत म्हणाले. “इतकी वर्षं कळू दिलं नाहीत! कमाल आहे!”

मुलीच्या बाईंसाठी वगैरे मी सांगू लागलो, पण लेझमांत काही ऐकू गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसात चळवळीचा गुप्त कार्यकर्ता ठरलो. मी अजून त्याचा इन्कार केलेला नाही.

डिलाईल रोडच्या त्या चाळीत बाईंची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खुर्ची दारातून सरळ आत जाईना. आडवी केली, उभी केली. शेवटी जबडा गेलेला सिंह आधी घातला, तेव्हा ती गेली. खोली आमच्या खोलीएवढीच. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, दोन्हींना ताजे हार. चुलीपाशी बाईंच्या आई, जाईबाई, काहीतरी निवडत बसल्या होत्या. खुर्ची मधोमध ठेवल्यावर खोलीत जागा म्हणून उरली नाही. बाई भिंतीला टेकून उभ्या, मीनाक्षी त्यांच्या पायांशी, आणि मी उंबऱ्यावर, पाय गॅलरीत सोडून.

कासारे बाईंनी सिंहाकडे पाहिलं, ‘महाराष्ट्रमाता’ वाचलं आणि त्या हसू लागल्या. मीनाक्षीने त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नसावं, कारण ती आधी घाबरली आणि मग तीही हसू लागली. मी सगळी हकिकत सांगितली. मधूनमधून मला माझंच हसू येत होतं.

“मीनाक्षी म्हणाली होती आणि खुर्ची आली,” बाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या. “मुली रस्त्यात भेटतील तशी एकेकीला सांगेन.”

“बाई, बसा ना आता,” मीनाक्षी म्हणाली. “वर्गात नाही तर नाही. तुमचे पाय दुखतात.”

बाई तिच्याजवळ खाली बसल्या, जमिनीवर. “पाय दुखतात गं. पण वर्गातली खुर्ची मोडकी आहे म्हणून मी उभी नसते. ती धड होती तेव्हाही मी कधी बसले नाही.”

“का?”

“मी तुझ्याएवढी होते ना, तेव्हा गावच्या शाळेत आम्हाला आत बसू देत नसत. दाराबाहेर बसायचं. गुरुजींचं ऐकू यायचं, पण फळा दिसायचा नाही. चौथीपर्यंत मी फळा पाहिला तो शाळा सुटल्यावर, पुसलेला. आता मिळालाय तर त्याच्यापुढून हलावंसं वाटत नाही.”

  विचारपूर्वक द्यायची भेट मी इतके दिवस घासली, पुसली, डोक्यावरून वाहिली, आणि ज्या माणसासाठी ती आणली त्या माणसाचा विचार मी एकदाही केला नव्हता. मान खाली घालावी म्हटलं तर ती आधीच अवघडून खाली झाली होती.

मग बाई उठल्या. “आये, तू बस.”

“मी नाय बसायची,” जाईबाई म्हणाल्या. “माझ्या लुगड्यानं सोनं मळंल.”

“बस गं. मला सोडायला यायचीस नि शाळा सुटेस्तोवर आंब्याखाली उभी राहायचीस. किती वर्षं?”

“तू पळून येशील म्हनून उभी ऱ्हायची.”

बाईंनी त्यांना हाताला धरून उठवलं आणि खुर्चीत बसवलं. जाईबाई आधी अगदी कडेला टेकल्या. मग जरा मागे सरकल्या. मग त्यांनी दोन्ही हात दोन्ही सिंहांवर ठेवले, पाठ टेकली आणि साऱ्या खोलीवरून एकदा नजर फिरवली. ती फिरत फिरत माझ्यावर आली.

“अवो, तुम्ही दारात कशापायी बसलाव?” त्या म्हणाल्या. “आत या की.”

मी आत सरकलो. मीनाक्षीने पाय आखडून मला जागा करून दिली, आणि बाईंनी चहाचं आधण ठेवलं.